चाई (केशविकार) आणि सामाजिक आधार

चाई हा शरीराच्या प्रतिकारशक्तीतील बिघाडामुळे होणारा केशविकार आहे. या विकारात डोके, दाढी, भुवया, पापण्या किंवा अंगाच्या अन्य भागांवरील केस अचानक, बहुधा गोलाकार चकत्यांच्या रूपात गळतात. आधुनिक वैद्यकात त्यास अ‍ॅलोपेशिया एरिआटा, तर आयुर्वेदात इंद्रलुप्त असे म्हणतात. चाई संसर्गजन्य नाही, तिच्यामुळे जिवाला धोका नसतो आणि केसांची मुळेही सहसा कायमची नष्ट होत नाहीत. असे असले तरी रुग्णाचे शिक्षण, नोकरी, विवाह आणि आत्मसन्मान यांवर तिचा मोठा परिणाम होऊ शकतो. हा परिणाम बव्हंशी भोवतालच्या लोकांच्या समजुतींतून व वागणुकीतून घडतो. त्यामुळे कुटुंब, शाळा, नाभिक, आरोग्यसेवक आणि समदुःखी व्यक्तींचे गट यांच्याकडून मिळणारा आधार हा या विकाराच्या व्यवस्थापनाचा महत्त्वाचा भाग मानला जातो.

अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांच्या वऱ्हाड प्रदेशात या विषयाला दोन स्थानिक संदर्भ आहेत. पहिला २०२४-२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात आढळलेल्या सामूहिक केसगळतीचा. ती चाई नव्हती. परंतु केस गमावलेल्या माणसाकडे समाज कसा पाहतो हे तिच्यामुळे ठळकपणे समोर आले. दुसरा संदर्भ अमरावती येथील तपोवन या संस्थेचा. त्वचेवर दिसणाऱ्या रोगामुळे बहिष्कृत झालेल्या माणसांना प्रतिष्ठेने जगता यावे, यासाठी या संस्थेने विसाव्या शतकाच्या मध्यापासून काम केले आहे.

नावे

मराठीत ‘चाई पडणे’ किंवा ‘चाई लागणे’ असा वाक्प्रयोग रूढ आहे. केसांच्या मुळाशी किडा लागून तो केस खातो, अशी जुनी समजूत असल्याने काही ठिकाणी ‘केसांना कीड लागली’ असेही म्हटले जाते. प्रत्यक्षात चाईमध्ये कोणताही किडा, जंतू किंवा बुरशी नसते.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात इंद्रलुप्ताचा समावेश क्षुद्ररोगांत केला आहे. वात व पित्त रोमकूपांत शिरून केस पाडतात आणि नंतर कफ व रक्त रोमकूपांचा मार्ग अडवतात, त्यामुळे तेथे नवे केस उगवत नाहीत, असे त्यात वर्णन आहे. पाश्चात्त्य वैद्यकातील ‘अ‍ॅलोपेशिया’ ही संज्ञा कोल्ह्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आली आहे. खरजेमुळे कोल्ह्याचे केस जागोजागी झडतात, त्यावरून ती रूढ झाली.

विकाराचे स्वरूप

निरोगी अवस्थेत केसांच्या मुळांना शरीराच्या प्रतिकारशक्तीपासून एक प्रकारचे संरक्षण असते. चाईमध्ये हे संरक्षण ढासळते आणि पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी वाढीच्या अवस्थेतील केसांच्या मुळांवर हल्ला करतात. त्यामुळे केस गळतो. मात्र त्याला जन्म देणाऱ्या मूळपेशी बहुधा शाबूत राहतात. म्हणूनच अनेक वर्षांनंतरही केस पुन्हा उगवण्याची शक्यता उरते.

जगभरातील अभ्यासांनुसार साधारणपणे दर १०० व्यक्तींपैकी २ जणांना आयुष्यात कधी ना कधी चाई होते. ती कोणत्याही वयात होऊ शकते. परंतु बहुतेक रुग्णांत तिची सुरुवात वयाच्या चाळिशीपूर्वी होते. स्त्री-पुरुष दोघांनाही ती होते. कुटुंबात चाई, कोड किंवा थायरॉइडचे विकार असल्यास शक्यता काहीशी वाढते. काही रुग्णांच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात.

विस्तारानुसार चाईचे काही प्रकार केले जातात. एक किंवा अनेक चकत्या पडणे हा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार आहे. मानेच्या वरच्या बाजूने कानांपर्यंत पट्ट्यासारखे केस गेले तर ती सर्पाकार चाई होय. डोक्यावरचे सर्व केस जाणे आणि संपूर्ण शरीरावरचे केस जाणे हे तिचे अधिक तीव्र प्रकार आहेत. मर्यादित चकत्या असलेल्या अनेक रुग्णांमध्ये वर्षभरात केस आपोआप परत येतात. नवे केस प्रथम पांढरे व मऊ असतात, पुढे त्यांना मूळ रंग येतो. मात्र विकार पुन्हा उद्भवू शकतो आणि तो केव्हा उद्भवेल हे आधी सांगता येत नाही. ही अनिश्चितता रुग्णासाठी केसगळतीइतकीच त्रासदायक ठरते.

चाई आणि बुरशीमुळे होणारा डोक्याचा गजकर्ण यांत फरक करणे आवश्यक असते. चाईची चकती गुळगुळीत असते व तेथील त्वचा निरोगी दिसते. गजकर्णात खाज, कोंड्यासारखे पापुद्रे आणि तुटके केस दिसतात. गजकर्ण मुलांमध्ये एकमेकांच्या फणी-टोपीवाटे पसरतो. चाई पसरत नाही. त्यामुळे प्रथम दिसलेल्या चकतीची त्वचारोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे हिताचे असते. अशा निदानामुळे उपचारांची दिशा ठरते; शिवाय ‘हा रोग लागणारा नाही’ असे शेजाऱ्यापाजाऱ्यांना खात्रीने सांगता येते.

सामाजिक परिणाम

मराठी समाजात केसांना अनेक धार्मिक व सामाजिक अर्थ चिकटलेले आहेत. बालकाचे जावळ काढणे हा मंगल संस्कार आहे, तर आप्ताच्या मृत्यूनंतर पुरुषांनी मुंडण करणे हे सुतकाचे चिन्ह आहे. काही उच्चवर्णीय जातींत विधवेचे सक्तीने केशवपन केले जाई. या प्रथेविरुद्ध सत्यशोधक चळवळीच्या प्रभावाखाली मुंबईतील नाभिकांनी १८९० मध्ये संघटितपणे नकार दिला होता. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. ती प्रथा लोप पावली. परंतु केस नसलेल्या स्त्रीच्या डोक्याकडे अशुभ म्हणून पाहण्याची दृष्टी पूर्णपणे गेलेली नाही. चाई झालेल्या स्त्रीला हळदी-कुंकू, बारसे, लग्न अशा प्रसंगी इतरांच्या नजरांना आणि प्रश्नांना तोंड द्यावे लागते ते या पार्श्वभूमीवर.

चाईविषयीचे गैरसमज मुख्यतः चार प्रकारचे आहेत. पहिला, ती संसर्गजन्य आहे. दुसरा, ती कर्करोगाची किंवा त्याच्या उपचारांची खूण आहे. तिसरा, ती पूर्वकर्माचे, नजरेचे किंवा करणीचे फळ आहे. चौथा, ती रुग्णाने स्वतः ओढवून घेतली आहे. म्हणजे तेल लावले नाही, चुकीचा शाम्पू वापरला किंवा फार काळजी केली म्हणून केस गेले. या चौथ्या गैरसमजाची नोंद घेणे आवश्यक आहे, कारण तो बहुधा प्रेमापोटीच व्यक्त होतो. मानसिक ताण आणि चाई यांचा संबंध अभ्यासकांनी तपासला आहे. परंतु ताण हेच तिचे कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही. ‘काळजी करू नकोस म्हणजे केस येतील’ या सल्ल्यामुळे केस आले नाहीत तर त्याचा दोष रुग्णाच्याच माथी येतो.

चाईच्या रुग्णांमध्ये चिंताविकार व नैराश्य यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा अधिक असल्याचे विविध देशांतील अभ्यासांत आढळले आहे. मुलांना चिडवणे, टोपणनावे, टोपी ओढणे अशा त्रासाला सामोरे जावे लागते. किशोरवयीन मुलेमुली खेळ, सहल, पोहणे, स्नेहसंमेलन टाळू लागतात. विवाहयोग्य वयात विकार लपवावा की सांगावा, हा प्रश्न संपूर्ण कुटुंबाला ग्रासतो. भुवया व पापण्या गेल्यास चेहऱ्याची ओळखच बदलते आणि डोळ्यांत धूळ व घाम जाण्याचा शारीरिक त्रासही वाढतो.

वऱ्हाडातील हवामानाचाही येथे संबंध येतो. अकोला व अमरावती परिसरात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. केस नसलेल्या डोक्याला उन्हाचा चटका थेट बसतो, आणि केसांचा टोप वापरणाऱ्याला त्याखाली घामाचा व खाजेचा त्रास होतो. दुसरीकडे, याच दिवसांत सर्वच स्त्री-पुरुष डोक्याला दुपट्टा किंवा स्कार्फ गुंडाळून बाहेर पडत असल्याने चाई झालेली व्यक्ती गर्दीत वेगळी दिसत नाही. अडचण होते ती दुपट्टा सोडावा लागतो अशा ठिकाणी: वर्गात, कार्यालयात, मंगल कार्यालयात आणि छायाचित्र काढताना.

शेगाव तालुक्यातील केसगळती (२०२४-२५)

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या बोंडगाव, कालवड, कठोरा आदी गावांत अनेकांचे केस एकाएकी गळू लागले. आधी डोक्याला खाज सुटे, मग केस हाताने ओढताच निघून येत आणि काही दिवसांतच टक्कल पडे. बाधितांत स्त्रिया, पुरुष व मुले यांचा समावेश होता. आरोग्य विभागाने गावोगावी सर्वेक्षण करून पाण्याचे, रक्ताचे व त्वचेचे नमुने घेतले. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनीही या भागाला भेट दिली. सुरुवातीला बुरशीचा संसर्ग, पाण्यातील नायट्रेट व क्षार अशा कारणांची चर्चा झाली.

विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या प्रकरणाचा स्वतंत्र अभ्यास केला. त्यांनी १८ गावांतील २७९ बाधित व्यक्तींचा उल्लेख केला. रक्त, लघवी व केस यांत सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण अत्यंत वाढलेले असून त्याचा स्रोत स्वस्त धान्य दुकानांतून मिळालेला गहू असावा, असा निष्कर्ष त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडला. सेलेनियम शरीराला अत्यल्प प्रमाणात आवश्यक असते. अतिरेक झाल्यास केस व नखे गळतात. एप्रिल २०२५ मध्ये याच परिसरातील काही लोकांची नखे कमजोर होऊन गळत असल्याचेही समोर आले. बाधितांपैकी अनेकांचे केस काही आठवड्यांत पुन्हा उगवू लागले होते.

वैद्यकीयदृष्ट्या ही घटना आणि चाई यांत मूलभूत फरक आहे. चाई एकेका व्यक्तीच्या प्रतिकारशक्तीतील बिघाडातून होते. ती एकाच वेळी संपूर्ण गावाला होत नाही. सामाजिकदृष्ट्या मात्र दोहोंत बरेच साम्य दिसते. कारण निश्चित होण्यापूर्वीच काही वृत्तवाहिन्यांनी या केसगळतीला ‘टक्कल व्हायरस’ असे नाव दिले. कोणताही विषाणू आढळलेला नसतानाही या एका शब्दाने रोग लागण्याचा आहे अशी भावना सर्वदूर पोहोचली. अनेकांनी उरलेले केस दिसू नयेत म्हणून मुंडण करून घेतले. विद्यार्थ्यांच्या शिक्षणावर आणि तरुण-तरुणींच्या लग्नजुळणीवर परिणाम झाल्याच्या बातम्या आल्या. रोगाचे नाव आणि त्याविषयी पसरणारी माहिती यांचा रुग्णाच्या जगण्याशी किती जवळचा संबंध असतो, हे या घटनेवरून स्पष्ट होते. संपूर्ण गाव बाधित असताना माणसांना निदान एकमेकांची सोबत होती. चाईचा रुग्ण मात्र बहुधा आपल्या गावात, वर्गात किंवा कार्यालयात एकटाच असतो.

पूर्वपरंपरा

त्वचेवर दिसणाऱ्या रोगामुळे समाजाबाहेर पडलेल्या माणसांना आधार देण्याची वऱ्हाडात जुनी परंपरा आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावती येथे विदर्भ महारोगी सेवा मंडळाची स्थापना केली. त्यातून तपोवन ही कुष्ठरुग्णांची वसाहत उभी राहिली. औषधोपचारांबरोबरच शेती व हस्तोद्योगांद्वारे रुग्णांना स्वावलंबी करण्यावर तेथे भर देण्यात आला. या कार्याबद्दल पटवर्धन यांना १९५९ मध्ये पद्मश्री पुरस्कार मिळाला. कुष्ठरोग जंतूमुळे होतो व औषधांनी पूर्ण बरा होतो. चाई जंतुजन्य नाही आणि तिच्यावर कायमचा इलाज अद्याप नाही. या दोन रोगांची तुलना त्यामुळे वैद्यकीय पातळीवर होऊ शकत नाही. मात्र रोगापेक्षा बहिष्कार अधिक हानी करतो आणि काम व सोबत मिळाल्यास माणूस पुन्हा उभा राहतो, हा तपोवनाचा अनुभव चाईच्या संदर्भातही महत्त्वाचा आहे.

याच जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले गाडगे महाराज यांनी उभारलेल्या धर्मशाळांमुळे परगावच्या रुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना आसरा मिळाला. तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरी येथून उभ्या केलेल्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा आणि सामुदायिक प्रार्थनेची प्रथा वऱ्हाडातील खेड्यांपर्यंत पोहोचलेली आहे. आरोग्यविषयक माहिती देण्यासाठी अशी गावपातळीवरील व्यासपीठे उपयुक्त ठरू शकतात.

महाराष्ट्रातील नमुना: श्वेता असोसिएशन

चाईसाठीच्या आधारगटाला महाराष्ट्रातील सर्वांत जवळचा नमुना पांढऱ्या डागांच्या, म्हणजे कोडाच्या, क्षेत्रात सापडतो. कोड हाही प्रतिकारशक्तीशी निगडित, असंसर्गजन्य आणि जिवाला धोका नसलेला विकार आहे. काही व्यक्तींना कोड व चाई दोन्ही होतात. पुणे येथील डॉ. माया तुळपुळे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली श्वेता असोसिएशन ही संस्था कोड असलेल्या व्यक्तींच्या बैठका, समुपदेशन, जनजागृती आणि वधू-वर मेळावे यांद्वारे काम करते. ‘कोड’ या शब्दाला चिकटलेला कलंक टाळण्यासाठी ‘पांढरे डाग’ हा शब्द वापरण्याचा आग्रह संस्थेने धरला. याच विषयावरील सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘नितळ’ हा मराठी चित्रपट २००६ मध्ये आला.

या नमुन्यातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. रुग्ण व डॉक्टर यांनी एकत्र येऊन चालवलेला गट दीर्घकाळ टिकतो. विवाहाचा प्रश्न टाळण्याऐवजी उघडपणे हाताळला तर लपवाछपवीचा ताण कमी होतो. तसेच चित्रपटासारख्या माध्यमामुळे रुग्ण नसलेल्या लोकांपर्यंत विषय पोहोचतो.

चाईच्या बाबतीत पुण्यातील केतकी जानी यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. चाईमुळे सर्व केस गेल्यानंतर त्यांनी टोप न वापरता विवाहित स्त्रियांच्या सौंदर्यस्पर्धेत भाग घेतला, डोक्यावर गोंदवून घेतले आणि आपल्या अनुभवाविषयी जाहीरपणे बोलण्यास सुरुवात केली.

आधाराची रूपे

कुटुंब. चाई झालेल्या मुलाशी किंवा मुलीशी विकाराविषयी सरळ व खरे बोलणे हा आधाराचा पाया होय. घरात आरसे झाकणे, पाहुणे आले की मुलाला आत पाठवणे किंवा केसांचा विषयच न काढणे यांतून ‘हे लाजिरवाणे आहे’ असा संदेश मुलापर्यंत पोहोचतो. टोप घालायचा, दुपट्टा बांधायचा की उघड्या डोक्याने वावरायचे, हा निर्णय शक्यतो संबंधित व्यक्तीवर सोपवावा, असे समुपदेशक सुचवतात.

शाळा. अनेक शाळांत मुलींना दोन वेण्या व फिती बंधनकारक असतात आणि वर्गात टोपी घालण्यास मनाई असते. चाई झालेल्या विद्यार्थ्याला या नियमांतून सवलत देणे, टोपी किंवा स्कार्फची परवानगी लेखी देणे आणि पालक व विद्यार्थी यांच्या संमतीने वर्गाला विकाराची थोडक्यात माहिती देणे, या साध्या उपायांनी चिडवाचिडवी बरीच कमी होते. दहावी-बारावीच्या परीक्षेत प्रवेशपत्रावरील छायाचित्र आणि प्रत्यक्ष चेहरा यांत फरक पडला असल्यास मुख्याध्यापकांनी केंद्रसंचालकांना आधीच कळवणे उपयोगी ठरते.

नाभिक. डोक्याच्या मागच्या बाजूची चकती रुग्णाला स्वतः दिसत नाही. पुरुष व मुलांमध्ये ती बहुधा प्रथम नाभिकाच्या नजरेस पडते. नाभिकाने ती हलक्या आवाजात सांगावी, घरगुती औषध सुचवण्याऐवजी डॉक्टरकडे जाण्याचा सल्ला द्यावा आणि निदान झाल्यावर त्या व्यक्तीची हजामत नेहमीप्रमाणे करावी, एवढ्यानेही रुग्णाला मोठा दिलासा मिळतो. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी स्वच्छ केलेली कात्री व नवे पाते वापरण्याची पद्धत गजकर्णासारख्या खऱ्या संसर्गापासून सर्वांचेच रक्षण करते.

आरोग्ययंत्रणा. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून, तर अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून कार्यरत आहे. अमरावतीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. गावपातळीवर आशा स्वयंसेविका आणि राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची शाळा-अंगणवाड्यांना भेट देणारी पथके रुग्णाला लवकर ओळखू शकतात. किशोरवयीनांसाठी शासकीय रुग्णालयांत समुपदेशनाची सोय असते. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने २०१५ मध्ये अमरावती व अकोल्यासह १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यामुळे या भागात मानसिक आरोग्याविषयी घरोघरी विचारपूस करण्याचा अनुभव आरोग्यसेवकांना मिळालेला आहे. केंद्र शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध असून तिच्यावर मराठीतही बोलता येते.

स्वमदत गट. चाई असलेल्या व्यक्तींच्या गटात उपचारांपेक्षा अनुभवांची देवाणघेवाण अधिक होते: टोप कोठून घ्यावा, भुवया कशा रेखाव्यात, नातेवाइकांच्या प्रश्नांना काय उत्तर द्यावे, नोकरीच्या मुलाखतीत काय सांगावे इत्यादी. अशा गटात गोपनीयता पाळणे, कोणालाही टोप किंवा दुपट्टा काढण्याचा आग्रह न करणे, एखाद्या औषधाची विक्री वा जाहिरात होऊ न देणे आणि मुलांच्या पालकांसाठी स्वतंत्र बैठक ठेवणे हे नियम सामान्यतः पाळले जातात. चाईचे रुग्ण विखुरलेले असल्याने एका गावात गट तयार होणे कठीण असते. जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचा त्वचारोग विभाग हे त्यांच्या भेटीचे नैसर्गिक ठिकाण ठरते. बचत गटांमुळे ठरावीक दिवशी एकत्र बसण्याची सवय वऱ्हाडातील स्त्रियांना आधीपासूनच आहे.

टोप आणि अन्य साधने. खऱ्या केसांचे व कृत्रिम धाग्यांचे असे दोन प्रकारचे टोप मिळतात. कृत्रिम टोप स्वस्त व हलके असतात. परंतु चुलीची धग व उन्हाळ्यातील उष्णता त्यांना सोसत नाही. सुती अस्तर, मऊ टोपी, सुती दुपट्टा, उन्हापासून रक्षण करणारे मलम आणि पापण्या नसल्यास चष्मा ही साधने उष्ण प्रदेशात अधिक उपयोगी पडतात.

उपचार आणि फसवणूक

मर्यादित चकत्यांवर त्वचेत दिली जाणारी स्टिरॉइडची इंजेक्शने व बाहेरून लावायची मलमे वापरली जातात. विस्तृत चाईसाठी जॅक-प्रतिबंधक गटातील गोळ्या हा अलीकडचा महत्त्वाचा टप्पा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तीव्र चाईसाठी जून २०२२ मध्ये बॅरिसिटिनिब, तर जून २०२३ मध्ये १२ वर्षांवरील रुग्णांसाठी रिटलेसिटिनिब या औषधांना मान्यता दिली. ही औषधे बंद केल्यावर केस पुन्हा गळू शकतात. ती प्रतिकारशक्ती दाबत असल्याने सुरू करण्यापूर्वी क्षयरोग व काविळीच्या विषाणूंची तपासणी आवश्यक असते.

पारंपरिक उपायांत कांदा-लसूण चोळणे, गुंजेचा लेप, बिब्बा लावणे यांचा समावेश होतो. गुंजेचे बी विषारी असते आणि बिब्ब्याच्या तेलाने त्वचा भाजून फोड येतात, व्रण राहतात. व्रणामुळे केसांचे मूळ नष्ट झाल्यास, चाई बरी होऊनही त्या जागी केस येत नाहीत. चाईत केस अनेकदा आपोआप परत येत असल्याने त्या वेळी चालू असलेल्या कोणत्याही उपायाला श्रेय मिळते आणि त्याची ख्याती पसरते. खात्रीने केस उगवण्याच्या जाहिराती याच गोष्टीचा लाभ घेतात. औषध नियम, १९४५ मधील अनुसूची ‘जे’मध्ये टकलेपणाचा समावेश आहे. या अनुसूचीतील विकार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. निराश रुग्णाला एकामागून एक उपायांवर पैसे खर्च करण्यापासून परावृत्त करणे, हे आधारगटाचे एक व्यावहारिक कार्य होय.

अन्य देशांतील संघटना

अमेरिकेत नॅशनल अ‍ॅलोपेशिया एरिआटा फाउंडेशन ही संस्था १९८१ पासून कार्यरत आहे. आधारगट, वार्षिक संमेलन, संशोधनासाठी निधी आणि शाळांसाठी माहितीपुस्तिका ही तिची मुख्य कामे आहेत. सप्टेंबर हा चाईविषयक जनजागृतीचा महिना म्हणून पाळला जातो. मुलांसाठी २००४ पासून तेथे वेगळी संघटना आहे. ऑस्ट्रेलियात अशी संस्था २०१० मध्ये स्थापन झाली. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या सदस्य आयाना प्रेस्ली यांनी जानेवारी २०२० मध्ये आपल्याला चाई असल्याचे जाहीर केले. मार्च २०२२ मधील ऑस्कर सोहळ्यात अभिनेत्री जाडा पिंकेट स्मिथ यांच्या केस नसलेल्या डोक्यावरून झालेला विनोद आणि त्यानंतरची मारहाण यांमुळे हा विकार जगभर चर्चेत आला.

कायदेशीर स्थान

भारताच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. त्यांत चाई नाही. त्यामुळे दिव्यांगांसाठीचे आरक्षण किंवा सवलती चाईच्या रुग्णांना मिळत नाहीत. चाईमुळे काम करण्याची शारीरिक क्षमता कमी होत नसल्याने तिच्या रुग्णांची मुख्य गरजही वेगळी आहे. शाळेच्या गणवेशाच्या नियमांत लवचिकता, कामाच्या ठिकाणी डोके झाकण्याची मुभा आणि ओळखपत्रावरील छायाचित्र बदलून घेण्याची सोय अशा मागण्या बहुतांशी संस्थाप्रमुखांच्या अधिकारात पूर्ण होऊ शकतात. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाचे निदानपत्र जवळ ठेवणे उपयोगी असते. विकाराचे नाव आणि तो संसर्गजन्य नसल्याचा उल्लेख त्यात असावा.